नाक चोंदलेलं आणि बाजूला समुद्र

आजारी असताना फिरायला जावं का, यावर माझं मत आता पक्कं झालंय. अंगात चांगला ताप असेल तर गपचूप घरी पडून राहायचं, पण नुसती कणकण आहे, घसा खवखवतोय, नाक चोंदलंय, एवढंच असेल आणि रस्ता समुद्राच्या कडेकडेने जाणारा असेल आणि गाडी दुसरं कुणीतरी चालवणार असेल तर खुशाल जावं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची बरं का. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते, सिट्रिझिननेसुद्धा कित्येकांना पेंग येते, आणि एका बाजूला कडा असलेल्या वळणांवर ती भानगड नकोच.

आमच्याकडे चालवायला दादा होता. सर्दी त्याच्याकडूनच आलेली, त्यामुळे माझ्यापासून लांब बस वगैरे म्हणायला त्याला तोंडच नव्हतं. "मागे आडवी हो, मस्त झोप काढ," एवढंच म्हणाला. मी नाही झाले. मागे पडून मोबाइल बघायचा म्हणजे कानाच्या आतल्या भागाला कळतं की गाडी वळतेय आणि डोळ्यांसमोर सगळं जागच्या जागी, हा हिशोब मेंदूला जुळत नाही आणि मग मळमळायला लागतं, आधीच डोकं जड त्यात हे कुठे. पुढे बसायचं आणि लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, आणि अशा रस्त्यावर क्षितिजाला काही तोटा नसतो.

खरा त्रास कानांनी दिला. हा रस्ता एकदा कड्यावर चढतो, मग पार पाण्याजवळ उतरतो, परत चढतो. चढताना फार काही जाणवत नाही पण उतरताना कानाला दडे बसतात, कारण कानातून घशाकडे जाणारी नळी सर्दीने सुजलेली असते आणि बाहेरचा वाढता दाब आत पोचत नाही. दादा काहीतरी सांगतोय आणि मी नुसतीच हं हं करतेय असं बराच वेळ चाललं होतं. थर्मासमधलं कोमट पाणी घोट घोट पीत राहिले की कान फट्कन मोकळा व्हायचा आणि दादाचा आवाज एकदम अंगावर यायचा!

आणि वास नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा डायमिथाइल सल्फाइडचा, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो, आणि माझ्या नाकापर्यंत त्यातलं काहीच येत नव्हतं. वासाशिवाय समुद्र म्हणजे म्यूट केलेली मॅच. खारट हवा तेवढी ओठांवर कळत होती, आणि काचेवर तो चिकट पांढुरका थर बसलेला, वायपर फिरवला की आणखीनच पसरायचा.

दुपारी जमीन तापली की वर जाणाऱ्या हवेच्या जागी समुद्रावरून गार वारा आत येतो, कणकण असेल तर तो बरोबर अंगात शिरतो. म्हणून उतरायचं ते सकाळी, दुपारी काच वर आणि अंगावर शाल. दादाचे यावर बरेच उसासे झाले.

सकाळी मात्र एका खडकाजवळ इतका वेळ बसलो की दादाची फोटो काढून काढून बॅटरी संपली. भरती चढत होती. खडकाला पांढरे खडबडीत टोकदार कवच चिकटलेले, कोरडे असताना एकदम बंद, आणि पाणी वर आलं की वरचं झाकण उघडून आतून पिसासारखं काहीतरी बाहेर यायचं, हलायचं, परत आत. बार्नॅकल म्हणतात या कवचातल्या जीवांना, अन्न गाळून घेत असतात ते. धडधाकट असते तर एक सेल्फी काढून पुढे गेले असते. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून त्याच वेळेला गेलो तर खडक अजून बराच उघडा! बऱ्याच किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ५० एक मिनिटं उशिरा, मग बसलो वाट बघत, मला कुठे घाई होती.

दीपगृहाच्या पायऱ्या दादा एकटाच चढला, मी खाली नाक शिंकरत. ठरवलेल्या जागांपैकी निम्म्या राहिल्या, त्यात तो कडाही, जिथे त्याला सूर्यास्ताचे फोटो काढायचे होते. त्यावरून टोमणे अजून चालू आहेत.