सोसायटीतला अशोक, बिनविषारी घोणस आणि पांडव नसलेली लेणी

पंचवटी म्हटलं की नाशिककर पाच वड मोजतो. सीतागुंफेजवळच्या वडांना आकडेही घातलेले आहेत. पण स्कंदपुराणात पंचवटी लावायची जी रीत सांगितली आहे, तिच्यात वड एकच: पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा आणि आग्नेयेला अशोक. पहिली चार झाडं शाळकरी पोरही ओळखेल. घोळ होतो तो पाचव्याशी.

सोसायटीच्या कुंपणाला रांगेत उभं असलेलं, सरळसोट वाढलेलं, फांद्या खाली सोडलेलं झाड म्हणजे अशोक, असं आपण धरून चालतो. ते सीताफळाच्या कुळातलं झाड आहे. पान एकेकटं, लांबट, कडांना लाटा. फुलं हिरवट, चांदणीसारखी, पानांत हरवून जाणारी. खरा सीता-अशोक चिंचेच्या कुळातला. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या साधारण चार ते सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि इतकी लुळी, की ओल्या फडक्यासारखी लोंबते. फुलांचे घोस थेट जून फांद्यांवर येतात, आधी पिवळट-केशरी, मग लाल. गंमत अशी की या फुलाला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं एरवी हिरवं असणारं आवरण, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात.

रोप घेताना म्हणूनच पान मोजा, चिठ्ठी वाचू नका. एकेकटं पान दिसलं तर ते सीता-अशोकाचं रोप नाही. खरं मिळालं, तर ते वाढायला वेळ घेणार हे धरून चाला. पहिले दोन उन्हाळे त्याला आडोसा हवा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर ठेवलं की पानांची टोकं करपतात, आणि पुष्कळ जण ते पाणी कमी पडल्याचं समजून आळं भरत राहतात. मुळं कुजतात ती तिथे. सावली करा, पाचोळ्याचं आच्छादन घाला, माती ओलसर ठेवा, चिखल नको. बी लावायचं तर ताजंच. ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. सालीच्या बाजारातही हीच गल्लत चालते. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी लागते ती सीता-अशोकाची साल, आणि तिच्यात सोसायटीतल्या त्या झाडाची साल मिसळणं ही जुनी भेसळ आहे.

दसऱ्याच्या सोन्याचंही तेच. बाजारात आपटा म्हणून जुडी मिळते ती बऱ्याचदा कांचनाची. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, खालून राखाडी. कांचनाचं मोठं, पातळ, तळहात भरेल एवढं. दोघे सख्खे नातलग, त्यामुळे चुकणाऱ्याला दोष देता येत नाही. वाईट वाटतं ते फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात याचं. एक पान देऊनही सोनं देता येतं.

प्राण्यांत नावांची फसवणूक जागोजागी आहे. पाणमांजर, उदमांजर, खवले मांजर, तिन्हींत एकही मांजर नाही. नीलगाय ही गाय नाही. ही नुसती गमतीची माहिती झाली. ‘डुरक्या घोणस’ हे नाव मात्र जिवाशी खेळणारं आहे. हा साप बिनविषारी, मांडुळाचा भाऊबंद. घोणस जहाल विषारी. अंगावरच्या ठिपक्यांमुळे दोघांत गल्लत होते आणि ती दोन्ही बाजूंनी महागात पडते: बिचाऱ्या डुरक्याला घोणस समजून ठेचलं जातं, आणि खऱ्या घोणसाला डुरक्या समजून कुणीतरी हात घालतो.

घोणसाच्या अंगावर साखळीसारख्या, काठ ठसठशीत असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं उठून दिसणारं. डिवचला की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, डोकं मानेत बसलेलं, शेपटी आखूड. हे लांबून बघायचं, जवळ जाऊन पडताळायचं नाही. द्राक्षबागेत पाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवावं. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावं. चावलाच तर अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठावं. करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करू नये. घोणसाचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, त्यामुळे चीर दिली की रक्त थांबत नाही.

आता थोडं उपवासाचं. ‘वरीचे तांदूळ’ म्हणजे तांदूळ नव्हेत. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागलीच्या जोडीने पिकणारं ते भरडधान्य. भगरीचं पीठ मात्र सुटं आणून महिनोन्‌महिने ठेवू नये. दमटपणाने त्यात बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवशी विषबाधा होते ती बहुधा अशाच पिठाने. साबुदाणा हा दाणाच नाही, तो कसावाच्या कंदातल्या पिठुळाची गोळी आहे. कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर आपल्या खिचडीतलं काहीच पुराणकाळातल्या इथल्या स्वयंपाकघरात नव्हतं.

आणि पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरातल्या या २४ लेण्यांशी पांडवांचा काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी. तिथल्या शिलालेखांतच डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं आलं आहे. १० क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने कोरवलेला लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवली. गोवर्धन म्हणजे आजचं गंगापूर रस्त्यावरचं गाव. व्याज २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट. दोन हजारांचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापणं मिळायची. गुणून बघा, हिशेब चोख बसतो.