नाणी सोडून खापरं का?

रोमन जगाबद्दल कुठेही बोलायला गेले की नंतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, ‘‘नाणी, पुतळे सोडून तुम्ही या फुटक्या खापरांच्या मागे का?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नाणं वितळवता येतं. संगमरवरी पुतळा भट्टीत घालून चुना करता येतो. मध्ययुगात रोममध्ये तेच चाललं होतं. फुटलेली घागर फार तर कुटून चुन्यात मिसळतील, नाहीतर फेकतील. आणि फेकलेलं टिकतं.

रोममध्ये तैबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. उंची सुमारे ३५ मीटर, आणि अख्खी खापरांची. स्पेनच्या दक्षिणेतून, ग्वादाल्किव्हीर नदीच्या खोऱ्यातून ऑलिव्हचं तेल अँफोरांत भरून यायचं. अँफोरा म्हणजे दोन कानांचा मोठा रांजण. यातला रिकामाच तीसेक किलोचा, आत ७० लिटरच्या आसपास तेल. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, म्हणून रांजण परत वापरायची सोय नाही. बंदरावर तेल काढून घ्यायचं, रांजण फोडायचा, तुकडे नीट रचायचे आणि वास मारायला वर चुना टाकायचा. कचऱ्याची इतकी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण मला अडकवलं ते त्यांच्यावरच्या लिखाणानं. शाईनं लिहिलेलं रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीची नोंद, कधी कधी वर्षसुद्धा. कानावर शिक्का असेल तर तो वेगळाच. हाइन्रिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकानं १८७२ पासून हे वाचायला घेतलं. आजही या रांजणाला ‘ड्रेसेल २०’ म्हणतात. सम्राटांच्या शिलालेखात बढाई असते. इथे तेल्याचा हिशोब आहे, त्यावर माझा जास्त विश्वास.

तांबड्या, चकचकीत ताटवाट्यांची गोष्ट निराळी. आधी त्या इटलीतल्या अरेत्सोच्या नावानं गाजल्या. मग दक्षिण गॉलमध्ये, आजच्या फ्रान्समधल्या ला ग्रोफसाँकला, कुंभारांनी तोच माल ढिगानं काढला. सामायिक भट्टीत कुणाची किती भांडी लागली, हे ते ताटलीवरच कोरून ठेवत. एकेका भाजणीचे आकडे पंचवीस-तीस हजारांवर जातात. गिऱ्हाईक कोण, तर इटलीच! पॉम्पेईत १८८१ साली न उघडलेली एक पेटी सापडली. आत ९० नक्षीदार गॉलिश वाडगे होते आणि काही दिवे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला, तेव्हा माल लावायचाच राहिला होता.

अरेत्सोची भांडी आपल्याकडेही पोचली. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं त्यांच्याच आधारे थरांचा काळ ठरवला, आणि तिथल्या स्थानिक मडक्यांनाही त्यामुळे तारखा मिळाल्या. महाराष्ट्रात नेवाशाच्या उत्खननात अँफोरांचे तुकडे निघाले. मात्र पश्चिम भारतातलं ‘रोमन’ म्हणून नोंदलेलं प्रत्येक खापर रोमन नसतं. आतून डांबर फासलेलं आणि बिनकानाचं असेल, तर ते बहुधा मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारचं, म्हणजे तिथल्या लांबट, निमुळत्या रांजणाचं. अशा कितीतरी तुकड्यांच्या नोंदी अलीकडे बदलाव्या लागल्या आहेत.