वरच्या पडावरचं खळं

राधानगरी तालुक्यात आमची पाऊण एकर जमीन आहे. घरात तिला 'वरचं पड' म्हणतात. मी लहानपणापासून ती फक्त बांधावरून पाहिली, कारण आत शिरायला वाटच नव्हती. सगळी घाणेरी माजलेली. सातबाऱ्यावर नाव असलं तरी तीस वर्षांत तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

ती जमीन मला पुन्हा आठवली ती इंग्लंडमध्ये. श्रॉपशरला आमच्या घरामागं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून तिथं काटेरी झुडपं वाढली होती. पाखरं घरटी बांधायला लागायच्या आधी, फेब्रुवारीतच, आम्ही चार शनिवार खपून तो कोपरा मोकळा केला आणि मधे एका तंबूपुरती जागा काढली. इंग्लंडमध्ये जुलै 2023 पासून शेतकऱ्याला वर्षातले 60 दिवस, जास्तीत जास्त 50 तंबूंसाठी, वेगळ्या बांधकाम परवानगीशिवाय आपलं रान देता येतं. फक्त कौन्सिलला आधी कळवावं लागतं आणि संडास-कचऱ्याची सोय करावी लागते. त्या शेतकरी आजोबांनी मात्र एकच तंबू ठेवला. कोयता हातात देण्याआधी त्यांनी मला तासभर तिथं नुसतं बसवलं होतं. ऊन कुठून येतं, पाणी कुठं साचतं, ते बघ म्हणाले.

दिवाळीला गावी आलो तेव्हा तेच केलं. बसलो, आणि मग मातीत ओल होती तोवर कामाला लागलो.

घाणेरी वरून छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते. काका बांधालगतची दरवर्षी छाटायचे आणि दरवर्षी हरायचे. कुदळीनं माती उकरून मूळ जमिनीखाली चार बोटं तोडायचं आणि अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं, म्हणजे ते परत मातीला धरत नाही. करवंदीच्या जाळ्या आणि ऐनाची दोन झाडं ठेवली. पाला पेटवायला काकांनी साफ नकार दिला. गवत वाळत आलं होतं, एक ठिणगी उडाली तर वणवा डोंगरभर जातो.

सातव्या दिवशी कुदळ दगडावर वाजली. पाला बाजूला केला तर दगडांची गोल कड निघाली. आतली जमीन तळहातासारखी सपाट, आणि बरोबर मधोमध वीतभर खोल भोक. काका खाली बसले, भोकात हात घातला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हितं तिवडा असायचा, बैलं ज्याच्याभवती फिरायची त्यो खांब," ते म्हणाले. "खळं हाय हे. नाचणीची मळणी व्हायची. तुझा आजा राखणीला हितंच झोपायचा, घोंगडं घिऊन."

तंबू कुठं लावायचा हा प्रश्नच उरला नाही.

बाकीची तयारी साधी होती. ओढ्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला संडासाचा खड्डा आणि शेजारी राखेची बादली. मुख्य काळजी गव्यांची. दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासूनचं, आणि गवा काही हद्दीचा दगड बघून थांबत नाही. पडाच्या खालच्या कोपऱ्यात खुरांचे ठसे होते, म्हणून ती बाजू आम्ही तशीच सोडली. खाण्याचं काहीही तंबूत ठेवायचं नाही आणि अंधारात ओढ्याकडं उतरायचं नाही, हे मुलांना दहादा बजावलं.

पहिल्या रात्री काका, मी आणि माझी दोन्ही मुलं तिथं झोपलो. आत्यानं भाकरी, झुणका आणि खर्डा बांधून दिला होता. इंग्लंडात जन्मलेली माझी धाकटी त्या भोकात हात घालून पणजोबांबद्दल विचारत राहिली, आणि काका तिला बैलांची नावं सांगत राहिले. ती नावं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली.

परवा काकांचा फोन आला. पावसाळ्यात वरच्या अंगाला नाचणी लावायची म्हणतात. "मळणीला खळं सारवायला लागंल," ते म्हणाले. "तवा तू ये. राखणीला कोणतरी पायजे."