ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल: पातळी कशी तपासावी, कधी बदलावे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे असते आणि त्याला हात लावायचा नसतो, असे गाडी घेतानाच अनेकांना सांगितले जाते. मला हे मान्य नाही. ऑइल वेळेवर बदललेच पाहिजे. मात्र तापमान पाहून पातळी मोजण्याची सोय ज्या गॅरेजमध्ये नसेल, तिथे ते बदलू नये, असेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

साध्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचे मुख्य काम दातांना वंगण देण्याचे असते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या प्रवाहाने जोडणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिनची ताकद पुढे जाते तीच ऑइलमधून, आतले क्लच दाबले जातात ते ऑइलच्या दाबाने आणि निर्माण झालेली उष्णता कूलरपर्यंत नेण्याचे कामही तेच करते. क्लचच्या चकत्यांनी किती घट्ट आणि किती अलगद पकडावे, हेसुद्धा ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांवर ठरते. ही रसायने उष्णतेने झिजतात. पुण्या-मुंबईच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना किंवा भरल्या गाडीने खंबाटकीचा घाट चढताना कन्व्हर्टर बराच वेळ घसरत राहतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता ऑइललाच सोसावी लागते. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांना आठ गिअरचे ऑटोमॅटिक पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचा हा शब्द मला गाडी विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे, हे मात्र आधी पक्के करावे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते; त्यात साधे गिअर ऑइल असते. सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) तिचे स्वतःचे ऑइल लागते आणि तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरचे ऑइल घातल्यास पट्ट्याची पकड बिघडते. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-४ आणि डेक्स्रॉन ६ ही ऑइले सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत जे नाव छापले आहे तेच घ्यावे. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ या आश्वासनावर दुसरे घेऊ नये.

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिक असते. गाडी सपाट जागेवर उभी करून, ऑइल पुरेसे तापल्यावर, ब्रेक दाबून लिव्हर सर्व जागांवरून फिरवून पुन्हा ‘पी’मध्ये आणावा आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहावी. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र ती इंजिन बंद करून लगेच पाहायची असते, म्हणून इथेही पुस्तिकेचाच शब्द अखेरचा. ताजे ऑइल बहुधा लाल असते आणि वापराने तपकिरी होते, तेव्हा केवळ रंग बदलला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. जळका वास आला तर मात्र आत काहीतरी जास्त तापले आहे असे समजावे. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधील कूलंट किंवा पुराचे पाणी आत शिरलेले असते. अशी गाडी पुढे चालवू नये, कारण पाण्याने क्लचच्या चकत्यांवरील कागदी अस्तर सुटू लागते.

नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते आणि खरी काळजी तिथेच लागते. ऑइल तापले की फुगते: आठ लिटर ऑइलचे तापमान पन्नास अंशांनी वाढले, तर त्याचे आकारमान साधारण ३०० मिलिलिटरने वाढते. म्हणूनच कंपनी पातळीबरोबर तापमानही ठरवून देते. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सना ते साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असते. गाडी चारही चाकांनी सारखी उचललेली असावी, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग उघडून पाहावा, कारण तोच अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते. निघालेले ऑइल मोजून तेवढेच नवे भरावे, वॉशर नवे लावावेत, इंजिन चालू करून लिव्हर प्रत्येक जागेवर काही सेकंद थांबवत फिरवावा आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणावर) ऑइलचे तापमान पाहत राहावे. ते ठरलेल्या टप्प्यात आले की इंजिन चालू असतानाच पातळीचा प्लग, म्हणजे ऑइल योग्य उंचीवर असल्याचे दाखवणाऱ्या छिद्राचे बूच, उघडावा. धार लागली तर ती थेंबांवर येईपर्यंत वाहू द्यावी. काहीच आले नाही तर ऑइल वाढवावे. पातळी कमी राहिली तर पंप हवा ओढतो आणि गिअर पडायला उशीर होतो, जास्त झाली तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो आणि दाब ढासळतो.

पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची थाळी, उघडला असेल, तर तळाच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप दिसतो. तो नेहमीच्या झिजेचा असतो. हाताला लागणारे धातूचे तुकडे मात्र गंभीर असतात.

एका वेळी सगळे ऑइल निघत नाही, कारण बरेचसे कन्व्हर्टरमध्ये अडकलेले राहते. दहा लिटरपैकी चार लिटर निघत असेल, तर मधे गाडी चालवून तीन वेळा बदलल्यावर सुमारे ७८ टक्के ऑइल नवे होते. यंत्राने दाब देऊन धुण्यापेक्षा मला ही संथ रीत पसंत आहे, विशेषतः दीड लाख किलोमीटर एकदाही ऑइल न बदललेल्या गाडीसाठी. गिअर आधीच घसरत असतील, तर नव्या ऑइलने ते दुरुस्त होण्याची अपेक्षा ठेवू नये. शहरातच फिरणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीसाठी मी ५०,००० ते ६०,००० किलोमीटरचे अंतर योग्य मानतो.

काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. काम झाल्यावर दोन-तीन दिवसांनी गाडीखाली वाकून दोन्ही प्लगभोवती ओल दिसते का, तेवढे पाहून घ्यावे.