बोर्ड: एका फळीची पिलावळ

नागपुरात बर्डीवर एखाद्या जुन्या पाटीवर ‘बोर्डिंग-लॉजिंग’ दिसतं, तेव्हा बहुतेकांना दोन्ही शब्द राहण्याचेच वाटतात. खरं तर राहण्याचं काम एकट्या लॉजिंगचं. बोर्डिंग म्हणजे जेवण! बाहेरगावी हॉटेल बुक करताना ही चूक महाग पडते. ‘हाफ बोर्ड’मध्ये नाश्ता आणि एक जेवण मिळतं, बहुधा रात्रीचं; ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही वेळचं. खोली पूर्णच असते, अर्धं असतं ते फक्त खाणं.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडी फळी. मध्ययुगीन वाड्यांमध्ये जेवणाचं टेबल कायम मांडलेलं नसे. दोन लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, पंगत उठली की काढून भिंतीला लावायच्या. म्हणून फळी म्हणजे टेबल, मग टेबलावरचं अन्न, आणि शेवटी टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी माणसं. कंपनीचं बोर्ड आणि दहावीचं बोर्ड, दोन्ही याच शेवटच्या अर्थातून आलेली. आपल्याकडे गादीचं असंच झालं. 1853 साली तिसरे रघूजी भोसले वारल्यावर इंग्रजांनी नागपूरची गादी खालसा केली, तेव्हा कापसाच्या गादीबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

जहाजाची बाजूही बोर्डच. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातल्या ‘स्टार’चा ताऱ्याशी काही संबंध नाही, तो सुकाणू धरण्याचा जुना शब्द आहे. डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात ओरडून सांगताना दोन्ही सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये डावीसाठी ‘पोर्ट’ हा शब्द ठरवून दिला. तिकिटावरचं ‘बोर्डिंग स्टेशन’ या जहाजी घरातलं, जेवणाशी त्याचं काही नातं नाही.

‘कपबोर्ड’ आधी कप मांडायची उघडी फळी होती, दारं मागाहून लागली. उच्चार ‘कबर्ड’, त्यातला प मुका, तरी मुलं हटकून म्हणतातच. ‘अबव्ह बोर्ड’ पत्त्यांच्या खेळातला: हात टेबलाच्या वर ठेवा, म्हणजे लबाडी नाही.

शब्दकोश पाहताना एक ध्यानात ठेवा. मोठ्या ऐतिहासिक कोशात सगळ्यात जुना अर्थ आधी येतो, विद्यार्थ्यांच्या कोशात सगळ्यात वापरातला. या दुसऱ्या कोशातला पहिला अर्थ ‘मूळ अर्थ’ म्हणून वहीत उतरवला, की पुढचं सगळं उलटं शिकलं जातं.