तुम्ही विचारलंत म्हणून: माझी फिरायची वेळ सारखी का बदलते

लिफ्टमध्ये, वाण्याकडे, अगदी हळदीकुंकवाला गेले तरी हाच प्रश्न. "काकू, गेल्या आठवड्यात सकाळी दिसायचात, आता भर दुपारी निघता. एक वेळ ठरवा की! आणि वाशीत एवढ्या बागा असताना तो नाल्याकडेचाच रस्ता कशाला?" मी विषय बदलते, म्हणून काहींनी उत्तरं स्वतःच ठरवून टाकली आहेत. कुणी म्हणतं डॉक्टरांनी सांगितलंय, कुणी म्हणतं सासूबाई गेल्यापासून हिचं मन थाऱ्यावर नाही. दोन्ही खरं नाही.

मी भरतीच्या हिशेबाने बाहेर पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती पुरी झाली की दोनेक तासांनी मी निघते, नाल्याच्या कडेने पेव्हर ब्लॉकवरून चालत होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा तलाव, गाठते आणि बांधावरून खाडीच्या बाजूच्या झडपांपाशी जाऊन थांबते. खाडी चढलेली असते तेव्हा तिच्याच दाबाने त्या झडपा घट्ट मिटलेल्या असतात. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की झडपेची खालची कड थरथरते. आधी एक काळी फट दिसते, तिच्यातून एखादी दुधाची पिशवी, निर्माल्यातला झेंडू बाहेर येतो आणि मग पाणी धो धो सुटतं. ना मोटर, ना बटण दाबायला माणूस. आपल्या वाशीची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने हे तलाव करून ठेवले. भरतीच्या वेळी पडलेला पाऊस तलावाने पोटात घ्यायचा आणि ओहोटीला खाडीत सोडायचा. तलाव भरला आणि झडपा मिटलेल्याच असल्या, तर पाणी नाल्यातून मागे फिरतं. कुठे फिरतं, ते मी पाहिलंय.

आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो. जुलैतली अमावास्या, पहाटेपासून धरलेला पाऊस. हे चेंबूरला अडकलेले, हार्बर बंद. घरात मी आणि आई, म्हणजे सासूबाई. साडेअकराच्या सुमाराला मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज करत पाणी उलटं वर आलं. काळं, साबणाचा फेस असलेलं. मग उंबऱ्यावरूनही आलं. आई पेणच्या खारेपाटातल्या. तिकडे भातशेती खारबंदाच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, आत असते. पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बंदातल्या झडपेतून, सोडायचं, भरतीला उघाडी बंद. बंद फुटून खांड गेलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज अवस ना? बाराच्या आसपास भरती. जरा कळ काढ, तीनला उतरायला लागेल."

मी तांदळाचा डबा, रेशनकार्डाची पिशवी, मुलीची पुस्तकं माळ्यावर टाकत होते. एक वाजता पाणी गुडघ्याला लागलं. फ्रिजखालचं स्टँड सरकून फ्रिज भिंतीवर कलला. वरच्या मजल्यावरची दोन मुलं धावत आली, आईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. "नको गं, मला इथंच राहू दे, उतरेल," त्या सारख्या म्हणत होत्या, खुर्चीचे हात घट्ट धरून. जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर एका मुलाचा पाय सटकला. आई खुर्चीसकट कठड्यावर आपटल्या. खुबा मोडला. रस्त्यात पाणी, रिक्षा नाही, गाडी नाही, संध्याकाळपर्यंत त्या वरच्यांच्या सतरंजीवर कण्हत पडून होत्या. आणि तीन वाजता, त्या म्हणाल्या होत्या तसं, पाणी उतरायला लागलं. वरच्या गॅलरीतून मला आमचा उंबरा दिसायला लागला.

ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी गेल्या. पाऊणपटीचा हिशेब त्यांनी मला त्या अंथरुणातूनच शिकवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून.

"दोन तास थांबला असतात तर?" असं नणंदेने एकदा विचारलं होतं. तेव्हा मी काहीच बोलले नाही. आता बोलते. घरात गुडघाभर पाणी, बोर्डात कधी करंट उतरेल याचा नेम नाही, अशा वेळी ऐंशीच्या बाईला तिथीच्या भरवशावर पलंगावर ठेवायचं? आजही मी त्यांना वरच नेईन. पण झडपेपाशी उभी असले की "तीनला उतरलं, तीनलाच उतरलं" हे मनात येतंच. ते थांबवणं माझ्या हातात नाही.

त्या वर्षी मी तलावातला गाळ काढा म्हणून सह्या गोळा करत दारोदार फिरले होते. गाळ साचलेला, गाळावर खारफुटी वाढलेली, तलाव उथळ झालेला. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, २०१८ च्या निकालातही ती कायम राहिली. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी परवानगी लागते. "झाडं मोठी की माणसं?" असं मी तावातावाने विचारायचे. आता त्याच झाडांच्या मुळांशी निवट्या मासे चिखलावर उड्या मारताना दिसतात, शेकाटे पक्षी लाल काटकुळ्या पायांवर हिंडताना दिसतात, आणि माझ्या तोंडून तो प्रश्न तसा निघत नाही. म्हणून त्या वेळच्या मला खोटं पाडायचं? तिच्या मोरीतून पाणी वर आलं होतं. गाळ निघायला हवा, झाडंही राहायला हवीत. हे कसं जमायचं, ते मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

आता बागेचं. बागेत गोल गोल फिरून मला काय कळणार? आपल्या बेसिनपासून, पार्किंगपासून सुटलेलं पाणी ह्याच नाल्याने जातं. पलीकडच्या ज्या खाडीत फ्लेमिंगो बघायला तुम्ही मुलांना नेता, जी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तिच्यातच ते पडतं. आपल्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराची तारीख सगळ्यांना पाठ आहे. भरतीची वेळ विचारली तर मोबाईल शोधतात. याचा मला राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. नव्याने तळमजल्यावर राहायला आलेल्यांना तरी ती ठाऊक असावी, घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

गाळ की झाडं यावर माझ्याशी भांडायचं असेल तर लिफ्टमध्ये नको. षष्ठीला साडेचारची भरती आहे. सातच्या सुमाराला झडपांपाशी या, तिथे उभं राहूनच बोलू.