बटणांचा सोफा

आज आईला घेऊन सोफा बघायला गेले होते. चेस्टरफील्ड म्हणजे गोल हातांचा, खोल बटणांचा तो जुन्या इंग्रजी धाटणीचा सोफा. दुकानदाराने 'मॉडर्न चेस्टरफील्ड' म्हणून जो पुढे केला, त्याचे ते गोल वळलेले हात होते, पण सडपातळ. पाय पितळी, काटकुळे. आणि पाठीवर तीच खोल बटणं. आई लगेच, "त्या खळग्यांतली धूळ कोण काढणार? तू?"

गंमत म्हणजे ही बटणं मुळात नुसत्या शोभेची नव्हती. आत घोड्याचे केस भरायचे, ते सरकून गोळा होऊ नयेत म्हणून कापड दोऱ्याने आत ओढून टाचायचे. आता आत फोम असतो, तो कुठे सरकतोय! बटणं मात्र ऐटीपुरती उरली.

त्यापेक्षा मला १९२८ ची 'एलसी२' ही खुर्ची भारी वाटते. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरिआँ या वास्तुकार-डिझायनर मंडळींनी क्लबातल्या गलेलठ्ठ खुर्चीचा सांगाडाच बाहेर आणला: स्टीलच्या नळ्यांची चौकट आणि तीत बसवलेल्या सुट्या गाद्या. जुन्याला हात घालायचा तर असा. नुसते पाय बारीक करून काय होतं?

फोटो बघून आई म्हणाली, "गाद्या सुट्या आहेत ना? मग खोळी धुता येतील."

ते लेदर असतं हे आणि त्याची किंमत, दोन्ही अजून सांगितलेलं नाही.